डांगरवाडीचा लिलाव

आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा पाटी बदलली, पाटीचा रंग बदलला, साहेबाच्या खुर्चीला उंच पाठ आली. छत तेच राहिलं, आणि गळायचं तेही तिथूनच. त्या गळत्या जागेच्या दोन हात अलीकडे माझं टेबल. मी लेखापाल. मला आकडे जुळले नाहीत की जेवण जात नाही. घरचे म्हणतात, हिच्याशी भांडायचं तर आधी पावती दाखवावी लागते.

गावाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे एक विनोदच. घरपट्टी मागायला गेलं की घरधनी नेमका केनवडच्या बाजाराला गेलेला असतो, मग वार कुठलाही असो. नळपट्टी मागितली की म्हणतात, आधी पाणी द्या. पाणी द्यायचं तर पंपाचं वीजबिल भरायला हवं, आणि वीजबिल भरायचं तर नळपट्टी यायला हवी. ह्या घाण्याला जुंपून मला पंधरा वर्षं झाली. गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली, आणि मग एक बारीकशी नोंद: नदीपात्रातील डांगरवाड्या.

पावसाळा सरला, नदी आकसली की पात्रात वाळू उघडी पडते. त्या वाळूत आमच्याकडची भोयांची घरं वाड्या लावतात. हातभर खोल चर खणायचा, त्यात शेणखत भरायचं, बी टाकायचं, तिथंच झिरा खोदून घागरीनं पाणी घालायचं. उन्हाळा लागला की टरबूज, काकडी, डांगर असा सगळा माल निघतो आणि मालेगावपर्यंत जातो. डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. पुण्याकडचे लोक भोपळा समजतात, ती त्यांची अडचण. वाडी लावली की घरातली माणसं तुराट्यांची खोपडी बांधून चार-पाच महिने वाळूतच मुक्कामाला असतात.

ही वाळू सात पट्ट्यांत वाटून नगरपंचायत दर वर्षी दिवाळीनंतर हंगामापुरती लिलावानं देते. लिलाव म्हणायचं आपलं. शिपाई पट्टीचा नंबर पुकारायचा. ज्या घराची ती पट्टी, त्या घरातलं वडीलधारं माणूस गेल्या सालच्या रकमेवर एकावन्न रुपये चढवायचं. मग शिपाई एक वार, दोन वार म्हणेपर्यंत बाकीचे सगळे नदीकडे बघत बसायचे, जशी काही नदी आज पहिल्यांदाच पाहिली. कुणी खोकायचंसुद्धा नाही, न जाणो खोकला बोलीत धरला तर. तीन वार झाले की पुढची पट्टी. अर्ध्या तासात सात पट्ट्या आणि त्यावर चहा. दुसऱ्याच्या पट्टीवर बोली लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, आणि तसं कुणी कधी केलं नव्हतं.

चार नंबरची पट्टी मायची. तिला सगळं गाव मायच म्हणायचं. साठी ओलांडलेली, काटक, आणि आवाज असा की नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलायला तिला फोन लागत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा हिवाळा लागला की वीटभट्टीवर लांब कुठंतरी जायचा. सून आणि सातवीतली नात मात्र गावातच राहायच्या, कारण वाडीला हात लागायचे. माय मला एकदा म्हणाली होती, "वाडी हाय म्हनून सून माह्याजवळ हाय. नाई त ते बी भट्टीवर गेली असती, अन् पोट्टीची शाळा बी गेली असती." तेव्हा मी हूं म्हणून पुढचं पान उलटलं होतं.

लिलाव झाला की पावतीच्या खिडकीवर पहिला नंबर तिचाच. मी शिक्का शोधत असले की तिचा जीव वर-खाली व्हायचा. "फाड ना वो बाई लवकर पावती. मले खत भरायचं हाय. तुह्या पंख्याखाली बसून वेल उगवत नाही."

असं सगळं छान चाललं होतं. मग एके वर्षी ऑडिट आलं आणि माझ्या वहीवर शेरा बसला: लिलावात स्पर्धा आढळून येत नाही, संस्थेच्या उत्पन्नाचे नुकसान संभवते.

मला तो शेरा मिरचीसारखा झोंबला. एवढ्या वर्षांत माझ्या वहीत कुणाला खाडाखोड सापडली नव्हती, आणि आता हा बाहेरचा माणूस आमचाच चहा पिऊन मला सांगतो की माझ्या नाकाखाली गावाचं नुकसान होतंय? आणि खरं सांगायचं तर तो चुकीचं काही बोलत नव्हता. एकावन्न रुपये! पंपाचं बिल थकलेलं, सफाईवाल्यांचा पगार लांबलेला, आणि आम्ही नदीची एवढी मोठी पट्टी एकावन्न रुपये चढवून देतोय. मी कंबर कसली.

मुख्याधिकारी साहेब नवे होते आणि तरुण होते. नव्या माणसाला उत्पन्नवाढ हा शब्द फार आवडतो. मी टिपणी ठेवली, त्यांनी त्याच दिवशी सही केली. लिलावाची जाहिरात पेपरात आली, हरवलेल्या कागदपत्रांच्या नोटिसा आणि शिकवणीच्या जाहिराती यांच्या मधोमध. आमचा शिपाई निवृत्तीला टेकलेला. जाहिरातीचं कात्रण फाइलला लावताना तो म्हणाला, "बाई, कायले वारुळात हात घालून राह्यल्या? चालू हाय थे चालू द्या ना."

"चालू आहे ते बरोबर चालू आहे का, हे बघायचाच पगार मिळतो मला," मी म्हटलं. वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. घरी जाऊन मी ते परत एकदा ऐकवलं.

लिलावाच्या दिवशी घाटावर नेहमीची सात घरं बसली होती. मागे एक पांढरी गाडी आली, तिच्यातून चकचकीत बुटांचा एक माणूस आणि त्याच्याबरोबर दोघं उतरले. पहिल्या तीन पट्ट्या रीतीप्रमाणे गेल्या. मी मनात चरफडले, म्हटलं गेली आपली जाहिरात पाण्यात.

शिपायानं चार नंबर पुकारला. मायनं एकावन्न चढवले. सगळे नदीकडे बघायला लागले. शिपाई एक वार म्हणाला आणि मागून आवाज आला, "याच्यावर पाच हजार."

सगळ्या माना एकदम वळल्या. मायला वाटलं, बिचाऱ्याचा घोळ झाला. ती त्याला समजावून सांगू लागली, "भाऊ, हे चार नंबर हाय. हे माही हाय."

तो नुसता हसला. मायनं त्याच्या बोलीवर एकावन्न चढवले. त्यानं पुन्हा पाच हजार चढवले. मायनं पुन्हा एकावन्न. दोन-तीन लोक हसले. पुढच्या फेरीला कुणी हसलं नाही. शिपाई माझ्याकडे बघायला लागला आणि मी मानेनंच खुणावलं, चालू ठेवा.

माय उठून घाटावरच मांडलेल्या माझ्या टेबलापाशी आली. "बाई, हा माणूस वाडी कायले घेऊन राह्यला? त्याचे हात त पाहा. घट्टा बी नाही हाताले."

"हाताचे घट्टे बघायचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही, माय," मी म्हटलं. "बोली लावायची असेल तर लाव."

तिनं पदराची गाठ सोडली, आतल्या नोटा मोजल्या आणि गाठ परत बांधली. शिपायानं तीन वार म्हणताना आवाज इतका बारीक केला की साहेबांनी त्याला परत म्हणायला लावलं. त्या माणसानं चार आणि पाच नंबर घेतले, रोख अनामत भरली आणि बाकीच्या पट्ट्यांकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. पाच नंबर आधी ज्याच्याकडे होता त्याचं थोडं शेत होतं, तो निभावून गेला. मायचं दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या सभेत माझं अभिनंदन झालं. शाल आणि नारळ मिळाला. अध्यक्षांनी भाषणात मला गावाची लक्ष्मी म्हटलं. मी लाजले वगैरे, पण सुखावले हे खरं. थकलेल्या वीजबिलाचा एक हप्ता गेला. ऑडिटच्या शेऱ्याचं उत्तर मी इतक्या ठसक्यात लिहिलं की साहेब म्हणाले, थोडं मऊ करा.

पंधरा दिवसांनी बसस्टँडवर मायची सून दिसली. गाठोडं, तवा, एक पत्र्याची पेटी, आणि शेजारी नात. नातीच्या पाठीला दप्तर होतं. भट्टीवर दप्तराचं काय काम, असं माझ्या मनात आलं आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं. लोक जातातच, दर वर्षी कितीतरी जातात, असं मी स्वतःला सांगितलं. बस लागली तेव्हा माय पोरीचं नाक पदरानं पुसत होती.

संक्रांत झाली, शिवरात्र जवळ आली. बाकीच्या पाच पट्ट्यांवर वेल पसरले. चार आणि पाचवर एक पत्र्याची शेड उभी राहिली आणि 'आधुनिक टरबूज शेती' अशी पाटी लागली. शेतीसाठी ट्रॅक्टरही येऊ लागले. ते खताचे आहेत असं मला सांगण्यात आलं. रिकामे येतात आणि भरून जातात, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं तर सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पण मी कुणाचं ऐकत नाही, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मार्चमध्ये नळ तीन दिवसांआड यायचा तो आठ दिवसांआड येऊ लागला. एप्रिल उजाडला आणि टँकर सुरू झाले. एरवी आमच्याकडे टँकर मे महिन्याच्या अखेरीस, तोही एखाद्या वर्षी. पहिल्या महिन्याचं टँकरचं बिल माझ्या टेबलावर आलं. मी आधी पेन्सिलनं, मग पेनानं, मग कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. चार आणि पाच नंबरनं जेवढं जास्त दिलं होतं, ते सगळं त्या एका बिलात गेलं आणि वर थोडं देणं उरलं. दुसऱ्या महिन्याचं बिल तर अजून यायचंच होतं.

मी वहीत बोट घालून तशीच उठले आणि नळ सोडणाऱ्या वॉलमनला घेऊन नदीवर गेले. गावाला पाणी देणारी विहीर नदीच्या पात्रातच आहे, चार नंबरच्या पट्टीला लागून. इतकी वर्षं मी तिच्या दुरुस्तीची बिलं मंजूर केली होती, पण विहिरीपाशी उभी राहिले ती पहिल्यांदा. समोर चार नंबर नव्हताच. तिथं खड्डा होता. पुरुषभर खोल, तळाशी पिवळा मुरूम, आणि त्यात ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. पत्र्याच्या शेडला कुलूप होतं. टरबुजाचं एक पानसुद्धा कुठं नव्हतं.

वॉलमन म्हणाला, "वाळू होती म्हनून पानी होतं, बाई. पानी वाळूतच राह्यते. वाळू गेली, विहिरीचे झरे बी गेले."

"आधी कशी नाही गेली वाळू? वाळूचोर काय आजचे आहेत का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी दोन अधिक दोन किती विचारलं. "आधी कशी जाईन? माय इथं बसून राहे ना! रस्त्यावरून गाडी उतरायची जागा हेच दोन पट्ट्या. गाडी आनाची म्हनलं त मायच्या वेलावरून आनाची. कोनाची हिंमत होती? बुढी दगड घेऊन धावे. एकदा एकाची काचच फोडली तिनं."

मी खाली बसले. राग कुणाचा करावा ते कळेना, म्हणून सगळ्यांचाच आला. त्या बुटवाल्याचा, ऑडिटवाल्याचा, साहेबांचा, बघत बसलेल्या गावाचा. मग तो फिरून माझ्यावरच आला आणि तिथंच थांबला. विहिरीची राखण गावाला फुकट मिळत होती. फुकट कसली, राखण करणारी बाई वर आम्हालाच पैसे देत होती. आणि मी शाल पांघरून तिला उठवलं होतं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. अहवाल गेले, तहसीलची माणसं आली, पंचनामा झाला, करार रद्द झाला, अनामत जप्त झाली. तो माणूस तोपर्यंत दुसऱ्या कुठल्या नदीवर पोचलाही असेल.

मी मायकडे गेले. जाईन जाईन म्हणत आठ दिवस काढले आणि मग एकदाची गेले. ती दारात लसूण सोलत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "माय, माझं चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. "लय शिव्या देल्या तुले म्या. आता आटपल्या. काहून उकरून काढतं?" आणि मग अर्धा लसूण माझ्यापुढे ढकलला. आम्ही दोघी सोलत बसलो. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला हाकलून देईल. तिनं विचारलं ते टँकरचं पाणी तिच्या गल्लीत कधी येणार, एवढंच.

पावसाळा आला. पूर एकदाच आला आणि तोही घाईत असल्यासारखा गेला. खड्ड्यात चार बोटं गाळ बसला. दिवाळीनंतर लिलावाची वेळ आली तेव्हा मी नवी टिपणी लिहिली. वाड्या करणाऱ्या घरांनाच पट्ट्या द्याव्यात, कारण ही घरं पात्राची राखण करतात, आणि तिचा मोबदला नगरपंचायत देत नाही. 'राखण' हा शब्द कुठल्या नियमात बसतो, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, टँकरच्या बिलात बसतो. त्यांनी सही केली. सभेतही कुणी चकार शब्द काढला नाही. या वेळी शाल नव्हती.

पाच नंबरवर वाळू निदान उरली होती, पण चार नंबर मी यादीतून स्वतःच्या हातानं काढला. मुरुमात काय उगवणार? शेऱ्यात लिहिलं, लागवडीस अयोग्य.

जाहिरात दिली नाही, नुसती दवंडी दिली. घाटावर जुनी घरं जमली. शिपाई निवृत्त झाला होता, पण पुकारायला मुद्दाम आला होता. एक, दोन, तीन झाले आणि त्यानं पाच पुकारला.

"चार कुठं गेला?" माय उभी राहिली.

"माय, तिथं मुरूम लागला ना," शिपाई म्हणाला. "तिथं काय लावशीन?"

"मले मालूम हाय मुरूम हाय. पुकार तू."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं चार पुकारला. माय म्हणाली, "गेल्या साली भरले नाई, त्याच्या आंधीच्या साली भरले व्हते, त्याच्यावर एकावन्न. मधलं साल म्या धरत नाही." सगळे नदीकडे बघू लागले. मीही बघितलं.

खिडकीवर पहिला नंबर तिचाच. तिनं नोटा काढल्या, गुंडाळी करून रबर लावलेल्या. लोकांच्या घरी भांडी घासून जमवलेल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "माय, मी हे पैसे कसे घेऊ? तिथं वेल नाही, फळ नाही. नुसतं बसायचं असेल तर तशीच बस. कुणी काही म्हणणार नाही."

ती चिडली. "फुकट बसली त उद्या कोनीबी उठवन. तूच उठवशीन, तुह्या ऑडिटवाल्यानं डोळे वटारले म्हंजे. पावती पायजे मले. पावती राह्यली त माहा हक राह्यते. गाडी आली त मी त्याच्या तोंडावर पावती धरीन. पुरानं वाळू आनली अन् तिथं दुसराच कोनी बसला असला, त मंग म्या काय कराव?"

मी पैसे मोजले. पावती फाडली. प्रयोजनाच्या रकान्यात डांगरवाडी असं लिहिलं, कारण दुसरं काय लिहिणार. वाचता येत नसतानाही तिनं पावती उलटसुलट करून नीट बघितली, शिक्का आहे ना याची खात्री केली आणि घडी घातली.

"किती पूर लागतील, माय, ती वाळू भरायला?" मी विचारलं.

"चांगले आले त सहा-सात. नाई त लय."

सहा-सात म्हणजे सहा-सात वर्षं. मी न राहवून विचारलं, "आणि सून? नात? त्या कधी येणार?"

"वाळू आली म्हंजे येईन," ती म्हणाली, बाजारातून सून येईल अशा सुरात, आणि नदीकडे चालू लागली. सहा-सात वर्षांनी ती नात एकोणीस-वीस वर्षांची असेल. मला रडू आलं. खिडकीपाशी पुढचा माणूस जन्मदाखल्यासाठी वाकून उभा होता, त्याच्यावर मी उगाचच खेकसले आणि त्याला थांबायला सांगितलं.